थोडासाच ताप

(रिकामी खोली. दोन शिड्या, दोन रंगारी: एक धाकटा, एक दाढीवाला.)

धाकटा : तू मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक! काल चर्चमध्ये माझं जे काय झालं ना…

दाढीवाला : आधी तो कोपरा पुरा कर. पट्टे दिसतायत.

धाकटा : करतो रे! आमची बुधवारची प्रार्थनासभा असते ना, तिथे एक पेटी ठेवतात. देवाकडे ज्याला जे मागायचंय त्याने चिठ्ठी टाकायची, नाव न लिहिता. मी एकेक काढतो, मोठ्याने वाचतो, त्यासाठी प्रार्थना करतो, आणि सगळे आमेन म्हणतात.

दाढीवाला : तूच का?

धाकटा : आवाज आहे माझा!

दाढीवाला : ते या खोलीलाही कळलंय. आणि बाकीचे दिवस?

धाकटा : सोमवारी गाण्याची तालीम, मंगळवारी बायबलचा अभ्यास, गुरुवारी दवाखान्यात आजाऱ्यांना भेटायचं, शुक्रवारी तरुण संघ, शनिवारी बाकं पुसायची, रविवार तर अख्खाच. देवाने दिलेला वेळ वाया घालवायचा नाही, हे माझं पक्कं!

दाढीवाला : वहिनी काय म्हणतात?

धाकटा : ती काय म्हणणार? सिनेमाला जात असतो तर भांडली असती. देवाच्या कामाशी कोण भांडणार? ऐक ना पण! काल चौथी चिठ्ठी उघडली. पेन्सिलीने लिहिलेली. मी आपला खणखणीत वाचतोय, "प्रभू, माझ्या बाबांना परत ताप येऊ दे."

दाढीवाला : काय?

धाकटा : हो ना! खसखस पिकली नुसती. एक मावशी म्हणाल्या, "कुणाचं गं हे कार्टं?" मलाही हसू आवरेना. पुढे वाचलं, "जास्त नको, शंभर चालेल. मागच्या वेळी ते तीन दिवस घरी होते. आम्ही चादरीचा तंबू केला होता."

दाढीवाला : अरे…

धाकटा : तंबू म्हटल्यावर माझी बोबडीच वळली. चिठ्ठी उलटून बघितली, तर मागे आपल्या शेडकार्डाची पट्टी! रंगांच्या नमुन्यांचे चार चौकोन, चारही फिकट निळे.

दाढीवाला : म्हणजे तुझीच पोरगी.

धाकटा : सात वर्षांची! पहिल्या बाकावर, डोळे घट्ट मिटून, हात जोडून. बाबा आता प्रार्थना करतील म्हणून थांबलीये. बायको मान खाली घालून बसलेली. आणि साठ माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत.

दाढीवाला : मग पुढची चिठ्ठी काढायचीस की! नाव कुठे होतं?

धाकटा : हात गेलाही होता पेटीत, खोटं कशाला बोलू. पण तिने एक डोळा किलकिला करून बघितलं रे. मग म्हटलं, "ही चिठ्ठी माझ्या घरची आहे."

दाढीवाला : भर सभेत?

धाकटा : भर सभेत! आणि पुढे प्रार्थनाच सुचेना. ताप दे म्हणू, की देऊ नकोस म्हणू? शेवटी म्हटलं, "प्रभू, हिच्यावर ताप मागायची पाळी येऊ देऊ नकोस." माझा एवढा आवाज, कुठे गेला कुणास ठाऊक. मागच्यांना काही ऐकूच आलं नसणार. आमेन म्हटलं ते तिनेच.

दाढीवाला : उतर खाली. पाणी पी.

धाकटा : थांब, पुढे ऐक! आज सकाळी डबा घेऊन निघालो तर पोरगी दारात आडवी. "वाका," म्हणाली. कपाळाला हात लावून बघितलं. "ताप नाहीये. तरी लवकर घरी याल?"

दाढीवाला : आज गुरुवार.

धाकटा : तेच तर! मी म्हटलं, "येतो, सहाला." आणि आमच्या पाळकसाहेबांना फोन केला, आज दवाखान्यात दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणून. चिडले नाहीत रे. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "घरी जा बाळा. फक्त तिथे भरती असलेला तो म्हातारा वॉचमन, तो तुझ्याशिवाय कुणाच्या हातून जेवत नाही."

दाढीवाला : मग पोरीलाच घेऊन जा बरोबर.

धाकटा : लहान मुलांना वॉर्डात सोडत नाहीत. आणि भेटायची वेळही सहाचीच. इकडे पोरीने तंबूसाठी चादरी काढून ठेवल्या असतील, तिकडे तो दाराकडे डोळे लावून बसला असेल. साडेचार वाजलेत. आता बोल की! तू असतास तर काय केलं असतंस?