दोन भावांमधला मिस्त्री

मी मूळचा कागलच्या बाजूचा, पावणं. बाप सुतार, म्हणून माजाबी हात लाकडावरच बसला, आन् ओतकामाच्या कारखान्यात साच्याचं लाकडी नमुनं करत करत तिथंच म्हातारा झालो. पर माजं खरं काम येगळंच हुतं, काय सांगू तुमास्नी. मोठं मालक वारलं, कारखाना दोन ल्योकांच्या हातात आला, आन् त्या दोगांचं एक दिवस पटंल तर शपथ. भांडण लागलं की बोलवा मिस्त्रीला.

मग मी आदी थोरल्याकडं जायचो, मग धाकल्याकडं. थोरलं म्हणायचं धाकल्याला अक्कल न्हाय, नवीन कारखान्याचं खूळ घिऊन बसलाय. मी धाकल्याला सांगायचो, दादांना तुमची लई काळजी हाय. धाकलं म्हणायचं दादा म्हंजी जुनं खोड. मी थोरल्याला सांगायचो, धाकलं म्हणत्यात दादांबिगर पान हलत न्हाय. मग नरसोबाच्या वाडीला जाऊन दोगांनी दत्तापुढं हात मिळवायचं, येताना बासुंदी खायची, आन् दिवाळीपतूर पुन्यांदा बोलवा मिस्त्रीला. मला लई भारी वाटायचं. माज्याबिगर मालकांची मीटिंग हुईत न्हाय म्हणून गावभर मिरवायचो की.

आन् ती मॅडम आली. राजारामपुरीत हापिस हाय तिचं, माज्या ल्येकीच्या वयाची. मालक लोकांस्नी एका खोलीत बसवून बोलतं करती, निर्णय घ्यायला लावती, हेच तिचं काम. आसलं काम आसतंय व्हय? पंचतारांकित एमआयडीसीत धाकल्याला जागा मिळत हुती, म्हैन्यात हो का न्हाय कळवायचं हुतं, न्हायतर जागा जाणार. म्हणून दोगांनी तिला बोलवलं. मला न्हाय.

बसवलं मातूर तिनं मलाबी. पयला सवाल मलाच. मिस्त्रीकाका, थोरले जे बोलले ते धाकट्यांना कधी तसंच सांगितलंत का? मी म्हणलो न्हाय बाई, गोड करून. तसं दोगं भाऊ माज्याकडं बघायलाच लागलं. मग ती म्हणाली, आता तुम्हीच एकमेकांना सांगा.

सवयीनं मीच तोंड उघडलं, तर म्हणती काका, थांबा. त्या कारखान्यात मला थांबा म्हणणारं कोण जल्माला आलं नव्हतं, पावणं. आन् मग थोरलं खाली बघून बोललं, तू तिकडं गेलास की मला कोण इचारणार रं? धाकल्याला रडूच फुटलं. दादा, तुमच्या देखत एकदा तरी स्वतःचं काय तरी करून दावायचं हाय मला. एवढंच हुतं बगा. मला ते उमगलं न्हवतं, का उमगून मी दाबून ठेवलं, देव जाणं.

ठरलं. जुनं थोरल्यानं बघायचं, नवं धाकल्यानं, आन् सोमवारी दोगांनी एका ठिकाणी जेवायचं. तीन वर्सं झाली, मोडलं न्हाय.

मी जळतो, लपवून काय करू? तिचं नाव निघालं की भाकरी गोड लागत न्हाय. गेल्या म्हैन्यात मुद्दाम कारखान्यात गेलतो, म्हटलं काय तरी बिनसलं आसंल. थोरल्याला इचारलं, त्या मॅडमला परत बोलवलं का न्हाय? तर म्हणत्यात, परत कशाला मिस्त्री, काम झालं की. च्या घ्या.

आन् मला अठरा वर्सं बोलवत हुते.

पोरगी गुणाची हाय, तिचं भलं हुऊ दे, आसं म्हणतो मी. बायको हसती, दातओठ खाऊन दिल्याला आशीर्वाद लागतोय व्हय? लागू दे की. मी कुटं आडवलंय?