कस्तुराची गोळी

मेहरूणची हसीनाबी कॅन्सरच्या दवाखान्यात तपासणीसाठी एकटीच नंबर लावून बसली होती. पाठीमागच्या बाकावर नरडाण्याकडच्या दोघी होत्या. थोरली रुख्माबाई, धाकटी कस्तुरा. दोघी नात्यातल्या नव्हत्या; अंडाशयाच्या गाठीसाठी शेजारच्या खाटांवर किमो घेताना ओळख झाली होती. हसीनाबीने मान वळवली नाही, पण कान तिकडेच होते.

“कस्तुरा, तुले नवी गोळी चालू व्हयनी म्हने?”

“हा अक्का.”

“मंग माले का नही? गाठ तं दोन्हीस्ले सारखीच शे.”

“डॉक्टरीन म्हने, पेशीमधला धागा तुटना तं चांगली पेशी तो सांधी लेस. मनी गाठले ते नीट जमत नही. थोडं जमस, तेबी ही गोळी बंद करस. मंग गाठ मरस.”

“आनि मनी गाठ?”

“तिले सांधता येस, अक्का.”

“म्हंजे मनी गाठ हुशार! आनि तुनामा खोट निंघनी, तीबी कामले उनी!”

“असं नको बोलू.”

“का नको? केस दोन्हीस्ना संगेच गयात. तुना परत कसा दाट उनात, देख. आते गोळीबी तुलेच.”

“अक्का, ती खोट जन्मनी शे. मायकडथून येल. बठ्ठ्या, सगळ्या आंगमा अर्धीच, म्हनीसन चांगली पेशी सांधी लेस; गाठमा पुरी. मनी पोर रोशनीनंबी रगत तपासाले धाडेल शे.”

“रोशनीनं? तिनं तं लगीन ठरेल शे ना?”

“हा. आज रिपोर्ट शे.”

मग सिस्टरने कस्तुराचं नाव पुकारलं.

“चाल, मीबी येस.”

“अक्का, तुना नंबर चुकी जाई ना.”

“जाऊ दे.”