मोठ्या मापाची बांगडी

चाकणच्या दवाखान्यात ज्योतीराम कासार बांगड्यांची पेटी पायाशी ठेवून खोकल्याच्या औषधासाठी ताटकळला होता. तेवढ्यात म्हाळुंग्याच्या कुशाबाई डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्या आणि समोरच्या बाकावर नणंदेशेजारी टेकल्या. त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत पांढरे खवले होते.

"काय म्हनले डागतर?" नणंदेने विचारलं.

"ह्यो कातडीचा रोग समूळ जायचा न्हाई म्हनले. बोटांची पेरं सुजल्यात, ती बी त्यानंच."

"पिंपरीला एवढा औषधांचा कारखाना निघालाय, तिथं बी ह्याच्यावर काय न्हाई?"

"न्हाई. पर लागट न्हाई म्हनले. शिवलं तरी कुनाला व्हत न्हाई."

"मग सांग की घरात समद्यांना."

"घरात सांगीन. पर आमच्या गावच्या कासाराला कोन सांगनार? संक्रांतीला समद्या बायांचा हात धरून त्यानं चुडा भरला. माझ्या म्होरं बांगड्या भुईवर ठिवल्या अन् म्हनला, तुमच्या हातानं घाला."

"घातल्यास?"

"ह्या पेरांवरनं जात्यात व्हय? फुटल्या. बांगड्यांचं जाऊ दे गं. माझा हातच कुनी धरला न्हाई, लई दिस झालं."

ज्योतीरामाने पेटी उघडली आणि सगळ्यांत मोठ्या मापाची हिरवी बांगडी काढली.

"मावशी, हात द्या इकडं."

"अरं बाबा, हात बघ तरी माझा."

"बघितला. द्या."

त्याने त्यांचा हात आपल्या हातात घेतला, बोटं हलकेच दाबून जुळवली आणि बांगडी पेरांपर्यंत आणली.

"दुखतंय का?"

"दुखू दे. एवढ्यात सोडू नगंस."