वेताची दोन टोकं

दवाखान्याच्या बाकावर दोघे भाऊ बसले होते, काट्यांनी भरलेले हात पुढे धरून.

"दादा, वेत माझ्या झाडावर चढलाय, म्हणजे माझाच."

"मूळ माझ्या अंगणात आहे, शहाण्या!"

"ताडामाडाच्या कुळातला म्हणे, आणि धड उभाही राहात नाही!"

"म्हणून तू शेंडा ओढायचा?"

"तू बुंधा ओढलास म्हणून! काटे असतात हे सांगायचं तरी."

"मला काय ठाऊक? वेताच्या खुर्चीला कुठे असतात?"

"तुलाही खुर्चीच करायची होती?"

"बाबांसाठी. पाठ धरते त्यांची."

"मीही त्यांच्यासाठीच! मग आपण भांडलो कशाला?"

"काही कळेना. बाबांनाच विचारू. आहेत कुठे?"

"तुझ्याबरोबर नाहीत?"

"बाप रे! शेंडा सोडवायला त्यांना झाडावर चढवलं होतं ना आपण!"

"आणि शिडी माझी, म्हणून मी घरी नेली!"