नऊ किलोंचा क्लच

स्कूटर दुरुस्त होईपर्यंत वाचावं म्हणून गॅरेजच्या बाकावर बसलेल्या बाईंनी पुस्तक उघडलं खरं, पण पान काही उलटेना. कारण दोन हातांवर एक म्हातारे गृहस्थ आणि मिस्त्री जुन्या जीपपाशी बोलत उभे होते.

“काका, केबलचा क्लच काढून हायड्रॉलिक कशाला बसवायचा? तुमचा पाय तर ठणठणीत आहे.”

“गाडी बायको चालवते हो. मी नुसता शेजारी बसून घाबरतो.”

“मग काकूंना जड जातो?”

“आजारानं पाय सुकत चाललाय तिचा. रोज सकाळी वजनकाटा भिंतीला टेकवते, खुर्चीत बसून पायानं दाबून बघते. महिन्यापूर्वी चौदा किलो भरले होते. तुमचा क्लच किती मागेल?”

“आत्ता वीस मागतो. हायड्रॉलिक बसवला की नऊ.”

“त्याच्या खाली?”

“नाही हो, काका. आतली स्प्रिंगच तेवढी ताकद खाते. काकू आज किती दाबतात?”

“आज... सात.”

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला.

“आल्या आल्या का नाही बोललात?”

“वाटलं, तुम्ही पाच म्हणाल. तिनं तर बूट पुसून दाराशी ठेवलेत.”

“काय करू मग?”

“तिचा फोन आला तर सांगा, सामान मिळत नाही. तुमच्यामुळे अडलंय असं वाटू दे तिला, मिस्त्री. पायामुळे नको.”

“शिव्या घालतील काकू.”

“घालेलच. तोंड भारी तिखट आहे तिचं.”

“घालू देत. त्यांचं संपेपर्यंत मी फोन ठेवणार नाही.”