जुनी अमेरिकन वर्तमानपत्रं वाचणारे दिगंबरकाका

शैलाकाकू, आणि काकांच्या शोकसभेसाठी या हॉलमध्ये जमलेले आपण सगळे.

माईक हातात घेतलाय. खोटं कशाला बोलू, राग आलाय. तासभर ऐकते आहे. काका किती विद्वान, काका किती प्रेमळ. मग गेल्या दोन वर्षांत आपल्यातलं कोण त्यांच्या घरी गेलं होतं?

जे कॅनडात, इथे एडमंटनला नवीन आहेत, त्यांच्यासाठी सांगते. दिगंबरकाका युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवायचे. विषय एकच, दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिकन वर्तमानपत्रं. तेव्हा तिकडे कम्युनिस्टांची भीती पसरली होती. कुणाचंही नाव छापायचं आणि विचारायचं, हा माणूस देशाशी निष्ठावान आहे का? उत्तर शोधायची कुणाला गरज वाटत नसे. त्या माणसाची नोकरी मात्र जायची.

एकदा त्यांच्या घरच्या बेसमेंटमध्ये त्यांनी मला एक कात्रण दाखवलं. एका लहान गावातली शाळामास्तरीण. तिच्याबद्दलचा संशय पहिल्या पानावर, फोटोसकट. खुलासा आला काही आठवड्यांनी, आतल्या पानावर, स्टोव्हच्या जाहिरातीखाली. तोवर तिची नोकरी गेली होती.

मी म्हटलं, "काका, पेपरवाले किती नीच!"

ते म्हणाले, "वैशाली, पेपर विकत कोण घेत होतं? तिचे शेजारीच ना?"

मग आपल्या मराठी मंडळात काय झालं? एका कुटुंबाला इमिग्रेशन खात्याचं चौकशीचं पत्र आलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, तक्रार वैशालीने केली असणार. असणार! एवढंच. कुणी मला फोन केला? एकानेही नाही. उलट मला ग्रुपमधून काढून टाकलं. माझ्या मुलीला शाळेला नेणारी कारपूल बंद झाली. वाढदिवसांची आमंत्रणं बंद झाली. ती मला विचारायची, "मम्मी, डिड वी डू समथिंग?"

त्या वर्षी संक्रांतीच्या कार्यक्रमात काका उठले. याच हॉलमध्ये. म्हणाले, "वैशालीने तक्रार केल्याचा पुरावा ज्यांनी पाहिलाय, त्यांनी हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही.

काका म्हणाले, "मी आयुष्यभर अशाच बातम्या वाचल्या. तेव्हाही हात वर झाले नव्हते. तेव्हाही माणसं उठली होती आयुष्यातून."

तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या हातातून माईक काढून घेतला. "काका, आज तिळगूळ आहे, पॉलिटिक्स नको." कोण ते, मी सांगणार नाही. ते समोरच बसलेत. पाठीमागून हसण्याचा आवाज आला होता, तोही मला आठवतो.

दुसऱ्या दिवशी काकांनाही ग्रुपमधून काढलं. त्यांचं ठरलेलं व्याख्यान रद्द झालं. काकूंचे भिशीचे फोन थांबले.

चार महिन्यांनी त्या कुटुंबानेच सांगितलं, त्यांच्या फॉर्ममध्ये तारीख चुकली होती. कुणी तक्रार केलीच नव्हती. मग मला ग्रुपमध्ये परत घेतलं. "वेलकम बॅक", हात जोडलेली इमोजी. सॉरी कुणीच म्हणालं नाही. काकांना परत घ्यायचं तर कुणाला सुचलंही नाही.

मलाही नाही. हो, मलाही. दिवाळीत मी फराळ घेऊन याच हॉलमध्ये आले, सगळ्यांबरोबर हसले, फोटो काढले. मुलीला मैत्रिणी परत मिळाल्या होत्या. परत तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही. ज्या माणसाने माझ्यासाठी तोंड उघडलं, तो तेव्हा दहा मिनिटांच्या अंतरावर घरी बसला होता.

नंतर एकदाच त्यांच्याकडे गेले, रडले. काका म्हणाले, "तुला मुलगी वाढवायचीय. चहा घेतेस ना?" रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आज इथे फुलं आहेत, मोठा फोटो आहे. त्यांच्या निर्भीडपणाचं कौतुक चाललंय. ते कुणापुढे निर्भीड होते? आपल्यापुढेच ना?

शैलाकाकू, तुमच्या नवऱ्यावर अन्याय झाला. मी त्यात होते. सगळ्यांसमोर सांगते, माझं चुकलं.

आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचंय. पण माझी एक विनंती आहे. गप्प आपण खूप राहिलो. ज्यांना काकूंना काही सांगायचं असेल, त्यांनी ही दोन मिनिटं त्यासाठी वापरा. मोठ्याने सांगा.

काका, माझा नमस्कार.