एका वर्षाचा खंड

—अहो, काठावर नाही, काठावर नाही! हॅट कधी काठावर टेकवायची नसते, पाहुणे. उलटी करा, माथा खाली, पोकळ बाजू वर—हां, अशी. काठावर ठेवली की चार दिवसांत काठ मरगळतो, आणि मग अख्खं टुलारे गाव म्हणतं, डॉन एव्हारिस्तोच्या दुकानची हॅट, बघा कशी झाली. बसा. वाफ यायची आहे अजून. किटली? ती शिट्टी देते हो, तिला सवयच आहे. शिट्टी म्हणजे वाफ नव्हे. फेल्ट, म्हणजे हा दाबून बसवलेला नमदा, मऊ व्हायला खरी वाफ लागते, मग बोटांनी माथ्याला खाच पाडायची, काठाला वळण द्यायचं—एकदा चुकलं की चुकलं. घाई नाही ना? पुतण्याचं लग्न शनिवारी म्हणालात. आज मंगळवार. मग झालं तर. बसा निवांत.

ते काय बघता? तो कागद? तिकडे नका बघू. किळस येते मला त्या कागदाची. नऊ दिवस झाले, गल्ल्याशेजारी पडलाय. मी त्याच्यावर खोके ठेवतो, माझी मुलगी खोके काढते. मी परत ठेवतो. येसेनिया माझी मुलगी, एकुलती. कालव्यापलीकडच्या कम्युनिटी कॉलेजात होती, दोन वर्षांचं असतं ना ते, आपल्यासारख्यांच्या पोरांचं, आणि आता तिथून मोठ्या विद्यापीठात जायचं आहे. पाटबंधाऱ्याचं इंजिनिअर व्हायचंय तिला. पाणी, कालवे, झडपा. या खोऱ्यात पाण्याचं ज्याला कळतं त्याला मरेपर्यंत काम आहे, हे मीच सांगितलेलं तिला. तर जायचं म्हणजे काय, तुम्हाला वाटेल इथून उठायचं आणि तिथे बसायचं. छ्या! आधी त्यांची भाषा शिका.

ऐका बरं का. युनिट. म्हणजे वर्ग पूर्ण केला की मिळणारे गुणबिण नव्हेत, तासांची मापं. साठ लागतात. हिच्याकडे चौसष्ट. मी म्हटलं, वा, चार वरकड. तर म्हणे, अपा, सगळी युनिटं तिकडे जातात, पण सगळी लागू होत नाहीत. म्हणजे? म्हणजे विद्यापीठ म्हणणार, हो हो, आली तुमची युनिटं, छान आहेत, ठेवा त्या कोपऱ्यात. घेतली पण मोजली नाहीत! गिऱ्हाइकाकडून जुनी हॅट घेऊन ती माळ्यावर टाकायची नि त्याला सांगायचं की बदल्यात घेतली, अशातली गत. मग तो आर्टिक्युलेशन करार. उच्चारतानाच घशात भाकरीचा तुकडा अडकतो. इकडचा कुठला वर्ग तिकडच्या कुठल्या वर्गाच्या बरोबरीचा, याचा दोन कॉलेजांनी केलेला तह. इकडचं मातीशास्त्र म्हणजे तिकडचं मातीशास्त्र. बरं, माती एकच ना? नाही! तह वर्षावर्षाला बदलतो. आणि इम्पॅक्टेड—हिरडीत अडकलेल्या दाढेला डॉक्टर हेच म्हणतात, मला वाटलं पोरीची अक्कलदाढ अडकली. म्हटलं, दाताच्या डॉक्टरकडे चल. हसली ती, पोट धरून हसली. त्या विभागाला इम्पॅक्टेड म्हणतात, म्हणजे जागा कमी, पोरं फार. मग सरळ म्हणा ना गर्दी झाली! गर्दीला गर्दी म्हणायला यांच्या बापाचं काय जातं?

मी दोन इयत्ता शिकलेला माणूस आहे, पाहुणे. इंग्रजी शिकलो हॅटच्या खोक्यांवरून आणि रेडिओवरच्या हवामानावरून. पण धंद्यातले शब्द मला कळतात, कारण आमच्यातही असलंच असतं. तुमच्या हॅटच्या आत बघा, घामपट्टीवर. फुल्या आहेत ना? दहा फुल्या. तुम्हाला कोणीतरी सांगितलं असणार, जितक्या फुल्या तितका फेल्ट उंची. खरं आहे. पण या कारखान्याच्या दहा फुल्या म्हणजे त्या कारखान्याच्या वीस, आणि तिसऱ्याच्या सहा. ज्याला जितक्या वाटतील तितक्या तो मारतो. हे कोणी दुकानदार सांगत नाही. मी? मी... विचारलं तर सांगतो. एक म्हातारा रँचवाला होता, मोठ्या रुबाबाचा, तीस फुल्यांची घेऊन गेला आणि गावभर सांगत सुटला. मी गप्प बसलो. आनंदात होता बिचारा. असो. सांगायचं काय, शब्द कसा विकतात ते मला माहीत आहे. म्हणून तर जास्त शिसारी येते.

तर चौसष्टही चाललं असतं. एप्रिलमध्ये प्रवेश आला. आमच्या ओफेलियाने, बायको माझी, सगळ्या आळीला मक्याच्या पिठाचे तमालेस वाटले. आणि जूनमध्ये पत्र. का? तर कॅटलॉगचा, म्हणजे त्यांच्या नियमांच्या पोथीचा, हक्क गेला. हा सगळ्यांत घाणेरडा शब्द. ज्या वर्षी तुम्ही कॉलेजात शिरता त्या वर्षाचे नियम तुम्हाला शेवटपर्यंत लागू, हा तुमचा हक्क. मधे नियम बदलले तरी तुमचे जुनेच. चांगलंय की! पण अट आहे. खंड पडता कामा नये. एक अख्खं वर्ष तुमचं नाव कुठल्याच वर्गात नसलं की हक्क गेला, तुम्ही परत आलात तेव्हा नवे. नव्या नियमांत एक जास्तीचा प्रयोगशाळेचा वर्ग आहे, तो हिने केलेला नाही, आणि तो भरतो फक्त शरदाच्या सत्रात. म्हणजे प्रवेश रद्द, वर्षभर थांबा, परत अर्ज करा, त्या गर्दीत. आणि परत जागा मिळेलच असं कोण लिहून देणार?

खंड का पडला? पडला. पोरं म्हटली की पडतो कधी. मागच्या वर्षी मी इथे नव्हतो ना, दुकान कोण बघणार? मी मेक्सिकोत होतो, सहुआयोला, गवताच्या हॅटा बघायला. चार महिने. हो, चार महिने हॅटा बघत होतो, त्यात काय झालं? गवताचे प्रकार कमी आहेत का? कोणालाही विचारा गावात, सगळे हेच सांगतील. मीच सांगितलंय सगळ्यांना.

किटली वाजू द्या हो. मी उठणार आहे.

कॉलेजात एक सल्लागार बाई आहेत, मिस व्हांग. हमाँग आहेत, आग्नेय आशियातल्या डोंगरांतून आलेले लोक ते, त्यांचे आईबाप टेकडीपलीकडे स्ट्रॉबेरी लावतात. भली बाई. तिने तेव्हाच येसेनियाला बजावलेलं, जायचं तर जा घरी, पण एक वर्ग ठेव. कसलाही. संध्याकाळचा, मातीची भांडी करायचा असला तरी चालेल. नाव चालू राहिलं पाहिजे. पोरगी आली, माझ्या उशाशी उभी राहून म्हणाली, अपा, आठवड्यातून एकच संध्याकाळ. आणि मी म्हटलं—म्हणजे मला नीट बोलता येत नव्हतं तेव्हा, जीभ अशी जड—मी म्हटलं, युनिटं काय दूध आहेत नासायला? संध्याकाळीच गिऱ्हाईक येतं. मडकी करायची आहेत तर माठ विकत घे. तिने माझी चादर सारखी केली नि दुकानाच्या किल्ल्या उचलल्या. बोलायला हवं होतं तिने. भांडायला हवं होतं.

हो, उशाशी म्हणालो. तुम्ही ऐकता फार बारीक.

तर आता असं आहे, की एक अर्ज करता येतो. नियमाला अपवाद मागायचा. मिस व्हांग म्हणतात असे अर्ज मंजूर होतात, कारण खरं असलं तर. पण ज्याच्यासाठी मुलगी घरी राहिली त्या माणसाने स्वतः लिहून सही करायची, की असं असं झालं होतं. आज पाचला खिडकी बंद. येसेनिया चारला येणार आहे कागद न्यायला. मी सकाळी तिला सांगितलंय की लिहिला. अपा, नक्की? नक्की. आणि कोरा आहे हो तो. काय लिहू? काय लिहू त्याच्यात? पस्तीस वर्षं लोक बेकर्सफील्डवरून इथे येतात ते काय फेल्ट घ्यायला? फेल्ट कुठेही मिळतो. ते या उजव्या हाताच्या खाचेसाठी येतात. तुम्ही पण त्यासाठीच आलात ना? मग बघा. बघून घ्या एकदा, हात खिशात का ठेवलाय म्हणून मघापासून माझ्या खिशाकडे बघताय. हा घ्या हात. ही बोटं मिटत नाहीत. जानेवारीत झटका आला, दुकानातच, त्या आरशासमोर. सहुआयो नव्हतं, पोर्टरव्हिलच्या इस्पितळात होतो, चेंडू दाबत बसायचो दिवसभर, लहान पोरासारखा.

आणि वर्षभर या दुकानातून गेलेली प्रत्येक हॅट तिने घडवली आहे. मागच्या खोलीत, पडदा ओढून. मी पुढे येऊन कपाळावरचा घाम पुसायचो, जशी काही मीच आत्ता... शी. सांगतानासुद्धा तोंड कडू होतं. लोक म्हणायचे, डॉन एव्हारिस्तो, हात काय बसलाय तुमचा! मी म्हणायचो, चालायचंच. ती पडद्याआड ऐकायची. आणि मी शिव्या देतोय कॅटलॉगला.

पावणेचार झाले का? मघाच झाले म्हणता? पाहुणे, तुमच्या खिशाला पेन आहे. अक्षर बरं आहे तुमचं? डाव्या हाताने माझं एक वाक्य लिहायला संध्याकाळ होईल. ओढा तो कागद, खोके टाका खाली, टाका हो. लिहा. मी, एव्हारिस्तो बारागान, हॅटवाला. गेल्या वर्षी जानेवारीत मला अर्धांगाचा झटका आला. माझ्या मुलीला एक वर्ग चालू ठेवायचा होता. तिने विचारलं होतं. मी नाही म्हटलं. हे असंच लिहा, मऊ करू नका, वाफ देऊ नका त्याला. वर्षभर दुकान तिने चालवलं. हॅटा तिने केल्या. मी नाही. झालं? एवढंसंच दिसतं की. द्या इकडे, सही करतो. डाव्या हाताची चालते ना? वाकडी आली तर येऊ दे.

गाडी थांबली. तिचीच आहे, दार दोनदा आपटावं लागतं त्या गाडीचं. तो कागद घडी घालून तुमच्या हॅटमध्ये टाका—उलटी आहे ना, पोकळ बाजू वर—टाका आत. हॅट घडवायला घेतली की पहिल्यांदा आत हात घालते ती. सापडेल. नाही, मी देणार नाही हातात. माझ्याच्याने नाही व्हायचं ते. तो पडदा जरा बाजूला सारून ठेवा जाता जाता, आज पुढेच करू दे तिला. आणि तुम्ही निघा आता. समोर कॉफी मिळते, अर्ध्या तासाने या, हॅट तयार असेल. मी घडवलीय असं कोणाला सांगू नका. जा हो, जा. किटली उतरवायची आहे मला.